सोललेला पत्ता

पत्ते कुटण्यात हयात घालवलेल्या माणसालाही पत्ता सोलता येतो हे बहुधा ठाऊक नसतं. एक कोपरा नखानं चोळत राहायचं. तो जरा फुलला की कागदाचे दोन थर सुटे होतात. मग चित्राची बाजू एका चिमटीत आणि पाठीची दुसऱ्या चिमटीत धरून, अजिबात घाई न करता, एका लयीत ओढत जायचं. चांगल्या प्रतीच्या पत्त्यात या दोन कागदांच्या मधे काळपट गोंद असतो, मागून उजेड आला तरी आरपार काही दिसू नये म्हणून. आपल्याकडच्या स्वस्तातल्या कॅटमध्ये त्या गोंदाला फाटा दिलेला असतो. ट्यूबलाइटसमोर पत्ता धरला तर पाठीच्या नक्षीतून बदामाचे ठिपके मोजता येतात. सोलताना हात मधेच थांबला तर तिथं आडवी सुरकुती पडते, आणि ती नंतर कशानंही जात नाही. माझ्या टेबलाच्या खणात अशा बाद झालेल्या सालींचा एक गठ्ठाच आहे.

हा उद्योग मी पन्नाशी ओलांडल्यावर सुरू केला. मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर हातांतून कागदच जातात, तरी घरी येऊन हा माणूस पुन्हा कागदांशीच खेळत बसतो याचं बायकोला नवल वाटतं. मला करायची होती ती जादू दिसायला अगदी साधी. बोटांच्या टोकांवर बदाम सत्ती धरलेली. तिच्यावरून हात फिरवायचा नाही, रुमाल टाकायचा नाही. नुसता एक झटका, आणि समोरच्याच्या डोळ्यांदेखत सत्तीचा इस्पिक एक्का. पत्त्यांच्या जादूत या प्रकाराला हल्ली ‘व्हिज्युअल’ म्हणतात. बदल कधी झाला असेल याचा अंदाज बांधत बसावा लागत नाही. तो होतानाच दिसतो. त्यासाठी लागणारं गिमिक विकत मिळतं. पण त्याची किंमत आणि वर टपालखर्च पाहिल्यावर माझ्यातल्या कॅशियरनं घरीच करायचा निर्णय दिला.

रचना अशी. तळाला एक पूर्ण पत्ता, त्याचा वरचा अर्धा भाग सत्तीचा आणि खालचा अर्धा एक्क्याचा. मधोमध बिजागरी, आणि तिच्यावर उघडझाप करणारं अर्ध्या पत्त्याएवढं पान. पान खाली असलं की त्याच्यावरची अर्धी सत्ती तळाच्या अर्ध्या सत्तीला मिळते. वर उलटलं की त्याच्या दुसऱ्या अंगावरचा अर्धा एक्का खालच्या अर्ध्या एक्क्याला मिळतो. हे पान झटक्यात उलटावं म्हणून आत बारीक रबर. माझं एका जुन्या मोज्याच्या काठातून निघालं. ते रबर कुठून निघून कुठं अडकतं ते मात्र सांगत नाही. इतकं गुपित राखायला हवं.

सोलणं येतं ते जाडीसाठी. अख्खे पत्ते एकमेकांवर चिकटवले तर गिमिकची पुरी होते. दोन सोललेल्या साली पाठीला पाठ चिकटवल्या की पान एका पत्त्याच्या जाडीचं होतं. तळाचा पत्ताही थोडा खरवडून हलका करायचा. ग्लू स्टिक फिरवायची, घडीची रेघ न कापणाऱ्या बोथट टोकानं ओढायची, आणि सगळं रात्रभर मोलस्वर्थच्या कोशाखाली दाबून ठेवायचं. त्या कोशाचा आमच्या घरात एवढा नियमित उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

जाणकार माणूस या कामाला सत्ती आणि एक्का निवडणार नाही. दुर्री, चौकी, दश्शी यांच्या मध्यरेषेवर एकही ठिपका नसतो, त्यामुळे बिजागरी कोऱ्या पांढऱ्या जागेतून जाते. सत्तीचे मधले दोन बदाम नेमके त्या रेषेवर येतात आणि एक्क्याचं तर ते एकुलतं एक भलंमोठं इस्पिक बरोबर मधून चिरलं जातं. केसभर सरकलं तरी डोळ्यात खुपतं. तरीही मी सत्तीच घेतली, कारण आमच्या घरात बदामसात खेळणाऱ्या पोरासोरांनाही बदाम सत्ती म्हणजे काय ते कळतं; ती आल्याशिवाय डाव सुरूच होत नाही. चौकीचं काय झालं, कुणाला पर्वा? (सावंतवाडीच्या गंजिफाचे पत्ते आठवतात अशा वेळी. गोल, लाखेचा लेप दिलेले, दशावतारी संच १२० पत्त्यांचा. त्यांच्यापुढे माझी विद्या संपली असती. सोलायला कोपराच नाही.)

हातचलाखीवाले अशा बनवलेल्या पत्त्याला नाक मुरडतात. खरी विद्या बोटांत. गिमिक म्हणजे आळशाची पळवाट, असा त्यांचा सूर असतो. फसवणुकीतही सोवळंओवळं असतं याची मला पहिल्यापासून गंमत वाटत आली आहे. आणि इतिहास त्यांच्या बाजूनं नाही. व्हिएन्नाचा योहान नेपोमुक होफ्झिन्सर, ज्याला पत्त्यांच्या जादूतला मोठा कलावंत मानतात, तो हातांत जितका तयार होता तितकाच खास बनवलेल्या पत्त्यांतही रमायचा. पोटासाठी तो अर्थखात्यात सरकारी नोकर होता आणि संध्याकाळी स्वतःच्या दिवाणखान्यात निमंत्रितांसमोर प्रयोग करायचा. हे वाचल्यापासून मला तो नात्यातला वाटू लागला आहे. फ्रान्सचा रोबेर-उदँ मूळचा घड्याळजी. आपली यंत्रं तो स्वतः घडवायचा. पण त्यानंच सांगून ठेवलं की जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट. चाकं आणि स्प्रिंगा हाताखालून गेलेल्या माणसानं असं म्हणावं याला वजन आहे. यंत्र काय करू शकतं आणि कुठं थांबतं हे त्याला पक्कं माहीत होतं.

गिमिक कुठं थांबतं ते मला आत्यानं दाखवलं.

आत्या आमच्याकडे सुट्टीला आली की जेवणं झाल्यावर सतरंजी पसरली जाते. मेंढीकोटात तिच्यासमोर बसायची कुणाची छाती होत नाही. कुणी काय उतरलं आणि कुणाच्या हातात काय उरलं ते तिला तोंडपाठ असतं. तिच्यापुढे मी सत्ती धरली, झटका दिला, एक्का झाला. पुतणी किंचाळली, वहिनी ‘अगंबाई’ म्हणाली. आत्या चष्म्यावरून बघत होती.

“छान,” ती म्हणाली. “पण तो पत्ता तू असा का धरलायस रे? गरम आहे?”

बदल तिला अजिबात दिसला नव्हता, हे तिनं नंतर कबूल केलं. पण पकड दिसली होती. सत्तर वर्षं माणसांचे हात पत्ते धरताना बघितलेल्या बाईला एवढं पुरे होतं. तिनं हात पुढे केला. “आण बघू इकडे.” आणि मी पत्ता देत नाही हे पाहून तिचा दुसरा प्रश्न आला, जास्त अवघड: “बरं, नको देऊस. सत्तीचा एक्का झाला म्हणतोस. मग कॅटात आता इस्पिक एक्के किती? आणि आमची सत्ती गेली कुठं?”

या दोन प्रश्नांनी पुढचे बरेच महिने खाल्ले. झटक्याला काहीच कौशल्य लागत नाही, हे मी सरळ सांगून टाकतो. तो मोज्याचं रबर मारतं. माझी पुतणीही पहिल्याच दिवशी माझ्याइतका चांगला मारायला लागली. चमत्कार गिमिक करतं. माणसाच्या वाट्याला उरतं ते चमत्काराच्या आधीचं आणि नंतरचं: पत्ता हातात येतो ते क्षण, आणि हातातून जातो ते क्षण. म्हणजे ज्या वेळी काहीच घडत नाहीये असं वाटायला हवं, तो सगळा वेळ. शिकायचा होता तो साधेपणा, आणि साधेपणाचा सराव करायला बसलं की पहिली पंचाईत ही होते की आपण एरवी पत्ता कसा धरतो तेच आठवेनासं होतं.

मला हे नवीन नव्हतं. नोटा मोजताना माझा अंगठा आपोआप चालतो. कधी एखादा खातेदार खिडकीतून कौतुकानं “काय स्पीड आहे हो साहेब” म्हणतो, माझं लक्ष अंगठ्याकडे जातं, आणि बंडल पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. हाताला ठाऊक असतं ते डोक्याला विचारायचं नसतं. पण गिमिक धरलेल्या हाताला काही ठाऊक नसतं. त्याला डोक्यानंच शिकवावं लागतं की तुला काहीही माहीत नसल्यासारखं वाग. मी मग उलटीकडून सुरुवात केली. गिमिक बाजूला ठेवलं आणि खरी, साधी सत्ती हातात घेऊन आरशासमोर बसलो. ती उचलायची, दाखवायची, ठेवायची. हे बायकोनं पाहिलं तेव्हा तिनं दार हळूच लोटून घेतलं.

डाय व्हर्नन नावाचा कॅनडात जन्मलेला जादूगार (१८९४–१९९२) आयुष्यभर शिष्यांना हेच सांगत राहिला की हात स्वाभाविक ठेवा. त्याची एक गोष्ट पत्तेवाल्यांत फार आवडीनं सांगितली जाते. हूदिनीची शेखी होती की कुठलीही जादू लागोपाठ तीनदा दाखवा, मी उकल सांगतो. १९२२ साली शिकागोत व्हर्नननं त्याला एका पत्त्यावर आद्याक्षरं लिहायला लावली. तो पत्ता कॅटात वरून दुसरा ठेवला. वरचा उचलून पाहिला तर हूदिनीचाच. पुन्हा दुसरा ठेवला; पुन्हा वर. तीनदा नव्हे, सात-आठ वेळा झालं, हूदिनी हरला. आणि त्या कॅटात होता दोन्ही बाजूंना पाठच असलेला एक पत्ता. दोन सोललेल्या पाठी, एकमेकींना चिकटवलेल्या. म्हणजे स्वाभाविकपणाचा हा महागुरू जगातल्या सगळ्यात संशयी माणसासमोर गोंदानं चिकटवलेला कागद घेऊन बसला होता. हूदिनी असामान्य बोटं शोधत राहिला आणि समोरची बोटं अगदी सामान्य दिसत राहिली. गिमिक पळवाट आहे म्हणणाऱ्यांनी त्या खोलीत व्हर्ननच्या जागी बसून बघावं.

पण ‘स्वाभाविक’ कुणाच्या घरातलं, हा प्रश्न मला कुठल्याच व्हिडिओनं विचारला नाही. शिकवणारे सगळे टेबलापाशी बसलेले. समोर मऊ चटई, अंगात कोट, गिमिक नाहीसं करायला मांडी आणि कोटाचे खिसे. पत्ता दोन बोटांच्या शेंड्यांवर नजाकतीनं तोललेला. आमच्यात असा पत्ता कुणी धरला तर आत्याच्या शब्दांत तो गरम असतो. आम्ही सतरंजीवर मांडी घालून बसतो. पत्त्यांचा पंखा छातीशी धरतो, अंगठ्याला जीभ लावून पान काढतो आणि हुकूम असेल तर सतरंजीवर धाडकन आपटतो. आपल्याकडे जादू म्हटली की रंगमंच आठवतो. पुण्याचे जादूगार रघुवीर देशोदेशी प्रयोग करून आले, त्यावर त्यांनी ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तकही लिहिलं. त्या जादूत प्रेक्षक अंधारात, खुर्च्यांच्या रांगांमध्ये. माझ्या प्रेक्षकाचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला असतो आणि मागून एक चुलतभाऊ खांद्यावरून वाकून बघत असतो.

तेव्हा मी बोटांच्या शेंड्यांचा नाद सोडला. आत्या डावात पान दाखवते तसं, पंज्यात भरून, जरा निष्काळजीपणे धरायला लागलो. गिमिक निघून जायला वाट हवी होती ती शर्टाच्या वरच्या खिशात सापडली. त्या खिशात माझी चाळिशी असते. एक्का झाला की तो नीट बघायला चष्मा काढणं या वयात कुणालाच खटकत नाही. हात खिशात जातो, चष्मा घेऊन बाहेर येतो. जाताना रिकामा नसतो, एवढंच. तरुण जादूगाराला ही सोय नाही. खरा इस्पिक एक्का तोवर कुठून येतो ते माझ्यापाशी राहू द्या.

पुतणीनं मोबाइलवर हे सगळं शूट केलं आणि वेग कमी करून मला दाखवलं. झटक्याच्या जागी एक धुरकट पट्टा दिसतो. पान उलटताना सरळ पकडलं जातं. ती खट्टू झाली. मला मात्र आल्फ्रेड बिने आठवला. बुद्धिमापनाच्या चाचण्यांमुळे ज्याचं नाव सर्वांना माहीत आहे तोच हा फ्रेंच मानसशास्त्रज्ञ. त्यानं १८९४च्या सुमारास जादूगारांना बोलावून त्यांच्या हातांचे लागोपाठ फोटो काढवले होते. फोटोंत जादू नव्हतीच. हात काय करतात ते स्वच्छ दिसत होतं. यंत्राला कसली अपेक्षा नसते, म्हणून ते फसत नाही. आत्याला अपेक्षा असते: सत्ती ही सत्तीच राहणार. मी हे पुतणीला समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, “काका, मग आत्याआजीलाच दाखवत जा, रील नको करूस.” सल्ला योग्य होता.

राहिला दुसरा प्रश्न. सत्ती गेली कुठं? खरं सांगायचं तर हा प्रश्न मला आत्याआधी सुचायला हवा होता, कारण संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय मला घरी जाता येत नाही. एका बाजूला एक्का जमा झाला तर दुसरीकडे सत्ती खर्ची पडायला हवी, आणि ती खर्ची पडून गेली कुठं हे दाखवता यायला हवं. व्हिडिओतले चमत्कार टॅली होत नाहीत. पत्ता बदलला, टाळ्या, संपलं. त्यांना त्याच कॅटानं पुढे डाव खेळायचा नसतो. आमच्याकडे जादू ही डावाच्या आधी होते, आणि बदामसात लावायचं तर सत्ती कॅटात असावीच लागते.

मग जादूच बदलली. आता सुरुवातीला मी इस्पिक एक्का दाखवतो आणि तो आत्याच्या चहाच्या बशीखाली उपडा ठेवतो. निदान ठेवतो असं तिला वाटतं. मग माझ्या हातात सत्ती, झटका, आणि ती होते एक्का. क्षणभर सगळे माझ्याकडे बघतात, आणि मग कुणी न सांगता बशीकडे. बशीखालून आत्या स्वतःच्या हातानं सत्ती काढते. जमाखर्च जुळतो, आणि गंमत म्हणजे त्यानंच चमत्कार मोठा होतो. नुसता झटका होता तेव्हा लोक माझ्या हाताकडे बघायचे. आता एक पत्ता इकडून तिकडे आणि दुसरा तिकडून इकडे गेलेला असतो, आणि त्यातला एक तर माझ्या हाताच्या आसपासही नव्हता. रबराचं काम तेवढंच राहिलं, अर्ध्या क्षणाचं. बाकीचं काम बशीनं आणि चाळिशीनं वाटून घेतलं.

हे सगळं उघड करून मी कुणाचा द्रोह करतोय असं मला वाटत नाही. प्रोफेसर हॉफमन या टोपणनावानं लिहिणाऱ्या एका बॅरिस्टरनं १८७६ साली ‘मॉडर्न मॅजिक’ हे जाडजूड पुस्तक काढलं, त्यात खास बनवलेल्या पत्त्यांचे प्रयोग सविस्तर दिलेले आहेत. एवढी वर्षं हे छापून पडलंय आणि तरीही लोक फसतात, कारण वाचलेलं ऐन वेळी आठवत नाही. आमच्या पतसंस्थेतल्या शिपाईमामांना मी गिमिक उघडून, रबरासकट दाखवलं होतं. नंतर डब्याच्या वेळी करून दाखवलं तेव्हा त्यांनी तोंडातला घास तसाच ठेवून “आयला” म्हटलं. मग लगेच विचारलं की हे नोटेवर चालेल का. कॅशियरला विचारू नये असा हा प्रश्न आहे.

गेल्या दिवाळीत आत्यासमोर नवी जादू झाली. बशीखालून निघालेली सत्ती तिनं दोन्ही बाजूंनी पाहिली, कडेवरून बोट फिरवलं, वाकवून पाहिली, ट्यूबलाइटकडे धरली. मग माझ्यापुढचा एक्का मागून घेतला आणि त्याचीही तशीच तपासणी केली. माझी चाळिशी नाकावर होती. ती काहीच बोलली नाही. दोन्ही पत्ते कॅटात घातले, कॅट पिसला, पुतणीकडून उतरून घेतला आणि “चला, बदामसात,” म्हणून वाटायला सुरुवात केली. सत्ती वहिनीकडे निघाली. तिनं ती टाकली. माझ्याकडे ना बदाम छक्की होती ना अठ्ठी, दुसरी कुठली सत्तीही नव्हती, म्हणून मी पास म्हटलं.